कायदा लेखी, भेदभाव तोंडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाच्या निमित्ताने तुमच्या पेपरात लेख आला होता, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा कसा क्रांतिकारी आहे त्यावर. आधी 7 प्रकारचं अपंगत्व धरायचे आता 21 धरतात, सरकारी नोकरीतलं आरक्षण 3 चं 4 टक्के झालं, कॉलेजात 5 टक्के वगैरे. सगळं खरं आहे, माझी तक्रार नाही. पण हा कायदा प्रत्यक्षात चालतो का, आणि ते बघायचं कसं, यावर अख्ख्या लेखात एक ओळ नव्हती म्हणून लिहायला बसलेय. (दिव्यांग शब्द तुम्ही वापरा, आमच्या घरात मला अपंगच म्हणतात आणि त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नाही.)

मी इचलकरंजीची. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणारी लोखंडी पट्टी), काखेत एक कुबडी, युडीआयडी कार्डावर, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्रावर, अपंगत्व 60 टक्के. बी.कॉम. झालंय, टॅली येतं, जीएसटी रिटर्नचं काम आलं तेव्हापासून तेच करतेय. मागच्या वर्षी एका कापडाच्या कंपनीत अकाउंटंटची जागा निघाली म्हणून गेले. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण ती मालाची, तिच्यात सुताच्या गोण्या. मी जिन्यानं वर गेले, आरामात, मला सवय आहे. मॅनेजरसाहेबांनी टॅलीवर एक एन्ट्री करायला दिली, ती झाली, मग जीएसटीचे टूबी आणि थ्रीबी फॉर्म जुळत नसतील तर काय करता विचारलं, ते पण सांगितलं. माणूस खूश होता हो, चहा मागवला. मग मी उठताना कुबडी टेबलाला लागली, स्टीलचा पेनस्टँड खाली पडला आणि साहेबांचा चेहराच बदलला. म्हणाले, "ताई, तुमचं काम चांगलंय, पण रोज दोन जिने, तुम्हालाच त्रास होईल हो. मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

आता सांगा, याला भेदभाव म्हणायचं का काळजी? आवाज चढवला नाही, अपमान केला नाही, उलट खालपर्यंत सोडायला शिपाई दिला. नोकरी मात्र दिली नाही.

आमच्या ओळखीच्या वकिलांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लेखी काही आहे का?" कुठनं असणार? असलं कोण लेखी देतं? ते म्हणाले कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलंय की अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, पण त्याच वाक्याला शेपूट आहे, योग्य उद्देशासाठी योग्य प्रमाणात केलेली गोष्ट असेल तर चालतं. समोरचा वकील उभा राहून म्हणणार, कर्मचाऱ्याची सुरक्षितता हाच आमचा उद्देश. झालं. शिवाय नोकरीत भेदभाव नको म्हणणारं जे वेगळं कलम आहे, 20 नंबरचं, ते सरकारी आस्थापनांसाठी. आणि समजा एवढं सगळं करून सिद्ध झालंच तर पहिल्या वेळचा दंड 10 हजारांपर्यंत, परत केलं तर 50 हजार ते 5 लाख. 10 हजार! तेवढ्याचा तर त्या कंपनीचा महिन्याचा चहा होत असेल. अपंग आयुक्तांकडे तक्रार करता येते, तीही कोर्टाची फी न भरता, पण ते शेवटी शिफारस करतात, आणि शिफारस मानली नाही तर का मानली नाही ते 3 महिन्यांत कळवायचं, बस.

अजून एक गोष्ट मला वकिलांकडून कळली ती आधी माहीत असती तर बरं झालं असतं. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीनं समान संधी धोरण करायचं आणि ते वेबसाइटवर, नाहीतर दर्शनी जागी लावायचं, असं नियमात आहे. मी डोळे मिटून त्या ऑफिसची भिंत आठवली. लक्ष्मीचा फोटो होता, सूत व्यापाऱ्याचं कॅलेंडर होतं, "उधारी बंद"ची पाटी होती.

पण कायदा अगदीच कुचकामी आहे असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं सोपंय. आमच्या शेजारच्या मुलाला डोळ्यानं खूप कमी दिसतं, तो बँकेच्या परीक्षा देतो. त्याला लेखनिक मिळतो आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे 3 तासांच्या पेपरला 1 तास. केंद्रावर कुणी नाक मुरडलं की तो सरळ नियमाचा कागद पुढं करतो. तिथं कुणाच्या मनात काय आहे याला किंमतच नाही, घड्याळ बघायचं, 20 मिनिटं झाली का नाही झाली. मला वाटतं फरक इथंच आहे. जिथं कायद्यानं आकडा दिलाय तिथं तो चालतो (4 टक्क्यांतल्या जागासुद्धा वर्षानुवर्षं भरत नाहीत ती गोष्ट वेगळी, पण निदान किती भरल्या नाहीत ते विचारता येतं), आणि जिथं समोरच्याच्या चांगुलपणावर सोडलंय तिथं आपण जिन्याच्या खाली.

हे मी एकटी नाही म्हणत, सुप्रीम कोर्टानं वेगळ्या शब्दांत तेच म्हटलंय. 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी केसमध्ये चंद्रचूड साहेबांच्या खंडपीठानं केंद्राच्या 2017 च्या नियमांतला 15 (1) नंबरचा नियम रद्दच केला. का, तर कायदा म्हणतो इमारती, बस, वेबसाइट सगळं अपंगांना वापरता आलंच पाहिजे, आणि हा नियम सगळा मार्गदर्शक सूचनांवर सोडलेला, म्हणजे जमलं तर बघा. कोर्टानं सांगितलं सक्तीचे नियम 3 महिन्यांत करा. आता बघा, 1995 चा पहिला कायदा, मग 2016 चा, आणि 2024 साली देशाच्या सर्वोच्च कोर्टाला सांगावं लागतंय की "पाहिजेच" म्हणजे "पाहिजेच".

मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरमध्ये काय झालं ते तुम्हीच छापलं होतं. खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात लिफ्ट नाही, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, व्हीलचेअरवरच्या नवरीला लग्नाच्या दिवशी उचलून वर न्यावं लागलं. फडणवीस साहेबांनी माफी मागितली, चांगलं केलं. पण सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्यानं दिलेली 5 वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली होती, आणि हे तर सरकारचं स्वतःचं ऑफिस. 2023 सालीच फुटपाथवर ठोकलेल्या बोलार्डमधून, म्हणजे बुटक्या खांबांमधून, व्हीलचेअर जात नाही म्हणून एका माणसानं हायकोर्टाला ईमेल केला, कोर्टानं त्याचीच जनहित याचिका करून घेतली. एक ईमेल बरं का.

माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला आमच्याकडं नोकरी देऊ करायच्या आधी तब्येतीचे प्रश्न विचारायलाच बंदी आहे, थोडे अपवाद सोडून, आणि भेदभाव झाल्यासारखा दिसतोय एवढं उमेदवारानं दाखवलं की पुढचं, म्हणजे भेदभाव केला नाही हे, मालकानं सिद्ध करायचं. 2010 चा त्यांचा कायदा. तिकडं सगळं आलबेल आहे असं तोही म्हणत नाही, अपंगांना नोकऱ्या तिथंही कमीच. पण पुराव्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्न आपल्याकडं कुणी विचारतच नाही. ते जिना चढणाऱ्याच्याच डोक्यावर.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार अपंग होते. 2022 मध्ये राज्यानं आमच्यासाठी वेगळा सरकारी विभाग काढला, तेव्हा पेढे वाटल्याचे फोटो पण आले. माझी तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या 3 डिसेंबरला कलमांची यादी परत छापू नका, तुमच्या जिल्हा प्रतिनिधींना माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकायला सांगा, 2017 पासून तुमच्या जिल्ह्यात या कायद्याखाली किती जणांना दंड झाला, आणि जो आकडा येईल तो पहिल्या पानावर टाका. किती येईल याचा मला अंदाज आहे, तुम्हालाही असेल.

आणि हो, परवा तुमच्याच पेपरातल्या छोट्या जाहिरातींमध्ये त्या कंपनीची "अकाउंटंट पाहिजे" अशी जाहिरात परत दिसली, खाली ईमेल आयडी दिलाय. मी अर्ज टाकलाय. कॅलिपर, कुबडी, 60 टक्के सगळं लिहिलंय, दोन जिने मी कसे चढते ते पण लिहिलंय आणि तळाला टाकलंय, नाही म्हणायचं असेल तर कारण कृपया ईमेलवरच कळवावं.

आपली एक वाचक,
इचलकरंजी
(नाव छापू नये)