ताप अंगावर काढू नका, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग कसली कमतरता?" आयजीजी, आयजीए, आयजीएम, म्हणजे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडींचे मुख्य प्रकार, नॉर्मल आहेत हे खरंच. पण निदान झालंय ते लशीच्या आधी आणि नंतर जे रक्त घेतलं, त्यावरून. न्यूमोकोकस या जंतूवर साखरेच्या रेणूंचं आवरण असतं. त्याच्या 23 प्रकारांची आवरणं त्या लशीत होती. तुमच्या शरीराने त्यातल्या बहुतेकांना दादच दिली नाही. अँटीबॉडी भरपूर, पण नेमक्या या जंतूविरुद्धच्या नाहीत. यालाच स्पेसिफिक अँटीबॉडी डेफिशियन्सी म्हणतात. वरचेवर छाती भरते, सायनस सुजतात, ते त्यामुळेच. तुमच्या सिगरेटी केव्हाच सुटल्यात, उगाच त्यांना दोष देऊ नका.

मागचा न्यूमोनिया आठवा. सकाळी नुसती कणकण होती. संध्याकाळी आईने चहा पुढे केला तर कप हातात धरवेना, ओठ निळसर पडलेले, आणि तुम्ही तिला विचारत होतात, आज वार कोणता? जंतू रक्तात उतरले होते. इतक्या झपाट्याने होतं हे, म्हणून मी हात जोडून सांगतेय: ताप 100.4च्या वर गेला, हुडहुडी भरली, धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. ताप नसताना बोलण्यात गोंधळ झाला, तरीही. या वयात ताप येतोच असं नाही. आणि डब्यातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी परस्पर घेऊ नका; तिने कल्चरमध्ये, म्हणजे रक्त-थुंकीतला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू सापडेनासा होतो.

आई, अडुळशाचा काढा जरूर दे, पण फोन आधी कर. ते दिवसभर "मी ठीक आहे" म्हणत राहतील, तू ऐकू नकोस. ऑक्सिमीटरवर 94च्या खाली आकडा दिसला तर शेजारच्या काकांना हाक मार.

आता दुसऱ्या प्रकारची लस देणार आहेत. तिच्यात तीच साखर प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे शरीर तिला प्रतिसाद देण्याची शक्यता जास्त. तरीही संसर्ग थांबले नाहीत, तर दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडींचं सलाईन लावावं लागेल. हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवातून ते बनतं, म्हणून महाग. त्या खर्चाचं दादा आणि मी ठरवलंय. बाबा, तुम्ही त्यात पडायचं नाही.

शनिवारी येते. लशीच्या नोंदीचं कार्ड फाईलमध्ये वरच ठेवा.

तुमची,
मंजू