४३ ठिकाणी गेलेला एकच अर्ज

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा बायोडेटा वाचला. आधी बाप म्हणून वाचला, तेव्हा छानच वाटला. मग चष्मा पुसला आणि ऑफिसात वाचायचो तसा वाचला: समोर ६० अर्जांचा गठ्ठा आणि हाताशी जेमतेम अर्धा तास. तेव्हा मात्र तू मला त्यात सापडलीच नाहीस.

सुरुवातीलाच ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःचा व संस्थेचा विकास साधणे’ असं उद्दिष्ट लिहिलं आहेस. हे वाक्य मी इतक्या अर्जांत पाहिलंय की आता नजर त्यावर ठरतच नाही. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, छंदांच्या जरा वर, एक ओळ आहे: ‘ग्रंथालयाच्या कामात मदत केली.’ अगं, तीन महिने बसून तू १,२०० पुस्तकांच्या नोंदी एक्सेलमध्ये घेतल्यास, दुबार नोंदी हुडकून काढल्यास, वर चार जणांना ती पद्धत शिकवून आलीस. ही काय नुसती मदत झाली?

तू म्हणतेस, दोन महिन्यांत ४३ अर्ज केले. मला विचारशील तर अर्ज एकच केलास, तो ४३ ठिकाणी गेला.

यापुढे जाहिरात आली की पेन्सिल घे. ‘मेहनती’, ‘उत्साही’ वगैरे सोडून दे, ते सगळ्याच जाहिरातींत असतं. फक्त कामं अधोरेखित कर: नोंदी ठेवणं, अहवाल तयार करणं, ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेणं. प्रत्येकासमोर लिही, हे मी कधी आणि कुठे केलंय. निम्म्याहून जास्त जागा कोऱ्या राहिल्या तर ती जाहिरात बाजूला ठेव, त्यात कमीपणा नाही. पण एखाद-दुसरीच कोरी राहिली तर बिनधास्त अर्ज कर. ‘असल्यास प्राधान्य’ म्हणजे ‘नसल्यास येऊ नका’ नव्हे, हे मुली फार लवकर विसरतात असं मी पाहिलंय. परवाना किंवा ठरावीक पदवी सक्तीची असेल तर गोष्ट वेगळी.

मग तेच ग्रंथालय दोन तऱ्हेनं मांडता येईल. माहिती-नोंदणीच्या जागेसाठी वर येईल: ‘१,२०० नोंदी तपासून दुबार नोंदी काढल्या.’ प्रशिक्षणाच्या जागेसाठी: ‘चार सहकाऱ्यांना नोंदणीची पद्धत शिकवली.’ दोन्ही खरं. कुठलं आधी वाचलं जाईल, एवढंच बदललं.

लिओनार्दो दा विंचीनं १४८२च्या सुमारास इटलीतल्या मिलानचा कारभार हाती असलेल्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागताना हेच केलं. त्या पत्राचा मसुदा आजही जपून ठेवलेला आहे. हलके पूल, तोफा, वेढा घालायच्या युक्त्या असं सगळं आधी, आणि आपल्याला चित्रंही काढता येतात हे पार शेवटाकडे! स्फोर्झाला युद्धाची चिंता होती, ती यानं ओळखली. त्यातलं सगळंच त्यानं तोवर करून पाहिलं असेल असं मला वाटत नाही, तेवढं मात्र त्याचं घेऊ नकोस. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गाडी अडते. मी एकदा न येणारं सॉफ्टवेअर येतं असं लिहिलं होतं. समोरच्यानं संगणक माझ्याकडे वळवला आणि ‘दाखवा’ म्हणाला. पुढचं सांगत नाही.

अजून एक. मोठ्या कंपन्यांत अर्ज बऱ्याचदा आधी छाननीच्या सॉफ्टवेअरमधून जातो. तुझा तो दोन रकान्यांचा, रंगीत चौकटींचा नमुना दिसतो देखणा, पण अशा मांडणीत सॉफ्टवेअर कधीकधी ओळींची सरमिसळ करतं. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघ, क्रम विस्कटला तर साधा नमुना घे. जाहिरातीत ‘अकाउंट्स’ असेल तर तूही ‘अकाउंट्स’च लिही, उगाच दुसरा शब्द शोधू नकोस.

केलेल्या सगळ्या कामांची एक लांबलचक फाइल मात्र स्वतःपाशी ठेव. ती कुणाला पाठवायची नाही, तिच्यातून दरवेळी निवडायचं.

रविवारी तीन जाहिराती काढून ठेव, मी फोन करतो. पण लिहायचं तूच. मी लिहून दिलं तर मुलाखतीला मलाच बोलावतील.

तुझा,
बाबा