बाई, पहिलीचा वर्ग भरला

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या फाटकावर नवा फलक लागलाय. दहावीचा निकाल शंभर टक्के, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली सगळी मुलं ग्रेड मिळवून पास, शिष्यवृत्तीच्या यादीत पाचवीतली दोघं. सिस्टरांचं आणि शिक्षकांचं कौतुक गावाने केलंच. फलकावर नाही ते एवढंच, की मराठी माध्यमाची पहिली यंदा पुन्हा भरली. त्यासाठी हे पत्र.

कॅथलिक शाळा आणि मराठी माध्यम, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. वसईत चर्चमधली मिस्सा मराठीत, गायनही मराठीत. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्याच नंदाखालचे. तरी पोरांना शाळेत घालायची वेळ आली की आपलीच माणसं इंग्रजीच्या रांगेत! "इंग्रजीचं काय?" असं मुलं मिळवायला फिरताना प्रत्येक घरात तुम्हाला विचारलं गेलं असणार. "पुढे सेमी आहे की, गणित-विज्ञान इंग्रजीतूनच शिकतील," हे तुमचं उत्तर आता आम्हालाही पाठ झालंय.

पण नुसती मुलं मिळून भागत नव्हतं. संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, धरली जातात ती शाळेच्या नोंदीशी आधार जुळलेली मुलं, आणि शिक्षकांची पदं त्यावर. त्यात आपली आडनावं! बाप तुस्कानो तर मुलगी टुस्कानो, दाखल्यावर घोन्साल्विस तर कार्डावर गोन्साल्वेस. निवृत्तीनंतर घरी आराम करायचा सोडून तुम्ही मे महिन्याच्या उन्हात छत्री घेऊन हे निस्तरत फिरलात. आमच्या ओटीवर बाप्तिस्म्याचा दाखला, जन्मदाखला आणि आधार शेजारी शेजारी मांडलंत, चष्मा कपाळावर चढवून धाकटीचं कार्ड डोळ्यांपाशी धरलंत आणि म्हणालात, "आडनाव राहू दे, जन्मतारीखच चुकली आहे गं. आधी ती." दुसऱ्या दिवशी आम्ही आधार केंद्रावर पोचलो तेव्हा तुम्ही रांगेत नंबर लावून उभ्या होतात. रिक्षाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, यावर घरात अजून बोलणी खाते मी.

धाकटी रोज शाळेत जाते. डबा अर्धा परत आणते, पण जाते.

बाई, मनापासून आभार. स्नेहसंमेलनाला दरवर्षीसारखं मागे मुलांच्या वेण्या घालत बसायचं नाही, पहिल्या रांगेत बसायचं, असं आम्ही पालकांनी ठरवलंय. न्यायला गाडी येईल. नाही म्हणू नका.

आपली विद्यार्थिनी, आता पालक