बादलीतली माती

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

वायनाडच्या दरडीतलं मदतकाम करून आल्यापासून तू फोनवर ‘ठीक आहे’च्या पुढे जात नाहीस, असं आई म्हणाली. ते ‘ठीक आहे’ माझ्या ओळखीचं आहे.

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर आम्ही कॉलेजची पोरं सोलापूरहून किल्लारीला गेलो होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमारास सगळे झोपेत. घरं म्हणजे चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी तीच माती आम्ही फावड्यानं उपसत होतो. नऊ दिवसांनी घरी आलो. आजीनं माझे कपडे उकळत्या पाण्यात टाकले, पिठलं-भाकरी वाढली आणि विषय संपला. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होतो?

दोन वर्षांनी नोकरीमुळे चंद्रपूरला असताना भद्रावतीला ग्रामोदय संघाच्या कुंभारकाम केंद्रात गेलो, निव्वळ भांडी बघायला. तिथल्या कारागिराने हातात मातीचा गोळा दिला. त्या ओल्या वासाने मी उठून बाहेरच गेलो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, का ते आजही माहीत नाही. मग प्रत्येक वेळी बोटं एकच करायची: चार भिंती, वर जाड छप्पर. ते घर मी भाजायला कधीच दिलं नाही. वाळलं की पाण्याच्या बादलीत सोडायचो. कोरडं कच्चं काम पाण्यात बुडबुडे सोडतं, कडेनं सुटत जातं आणि थोड्या वेळात तळाशी गाळ होऊन बसतं. ओलसर असेल तर मात्र विरघळत नाही, तसंच बसून राहतं. कारागीर बघायचे, बोलायचे नाहीत. त्याच गाळाची माती पुन्हा मळून द्यायचे.

शनिवारी ये. चाकावर बसवणार नाही. चाक फार लक्ष मागतं आणि गोळा मध्यावर आला नाही की उगाच चिडचिड. वळ्या करून एकावर एक ठेवायच्या, एवढंच. तू दरडीच्या चिखलातून आलीस, मातीला हात लावावासा वाटणार नाही कदाचित. मग माझ्या मातीकामाच्या शेडमध्ये येऊच नकोस, ओट्यावर बसून शेंगा सोल. तुझ्याबरोबरचा तो मुलगा, चहा सांडला म्हणून रडला म्हणालीस तो, त्यालाही घेऊन ये. त्याला कुणी काही विचारणार नाही, आईला सांगून ठेवलंय.

आणि रात्री झोप लागत नसेल, तेच तेच दिसत असेल, तर डॉक्टरांची वेळ घे. ते काम मातीचं नव्हे.

रविवारची भट्टी पुढे ढकलली आहे. येताना जुने कपडे आण, आणि नखं काप.

तुझे,
बाबा