अकरा जणींच्या ग्रुपमध्ये कोणाची प्रतिमा मलिन झाली?

मा. कामगारमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी मनुष्यबळ विभागात काम करते. नेमणूकपत्रासोबत नव्या माणसापुढे सह्यांसाठी कागदांचा जो गठ्ठा सरकवला जातो, त्यात आता समाजमाध्यमांच्या वापराचे नियमही असतात. ते वाचून सही करणारी माणसे मी फार थोडी पाहिली. वाचले तरी त्यातून हाती काय लागणार? काय लिहिले तर नोकरी जाऊ शकते याची धास्ती बसते, पण काय लिहिलेले चालेल हे कुठेच सापडत नाही. आस्थापनांसाठी आपल्या खात्याने या विषयावर एक नमुना नियमावली काढावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पूर्वी मी ज्या संस्थेत होते, तिथली गोष्ट सांगते. एका सहकारी महिलेने सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, की सलग तिसऱ्या महिन्यात रात्रपाळी माझ्याच वाट्याला आली आहे, आपण सगळ्यांनी मिळून साहेबांशी बोलू या. कुणीतरी स्क्रीनशॉट वरपर्यंत पोहोचवला. दोन दिवसांत तिला कारणे दाखवा नोटीस गेली. मसुदा मी लिहिला होता आणि कलम लावले होते ‘संस्थेच्या प्रतिमेला बाधा येईल असे वर्तन’. नोटीस घेताना तिने मला विचारले, “मॅडम, ग्रुपमध्ये आम्ही अकराच जणी होतो. प्रतिमा कोणासमोर गेली?” मला उत्तर देता आले नाही. महिन्याभरात तिने नोकरी सोडली.

महोदय, ‘प्रतिमेला बाधा’ हे शब्द मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक नियमावलीत आहेत. त्यांचा अर्थ ज्याच्या हातात फाईल असेल तो लावतो. सहकाऱ्याला शिवीगाळ करणारी पोस्ट आणि पाळ्यांच्या वाटपाबद्दलची तक्रार, दोन्ही त्याच कलमात बसतात. अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने कामगारांना कामाच्या अटींबद्दल आपसात बोलण्याचा आणि एकत्र येण्याचा हक्क दिला. डिसेंबर २०१२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने तो फेसबुकलाही लागू केला. एका सहकाऱ्याने आपल्या कामावर टीका केल्याबद्दल फेसबुकवर चर्चा करणाऱ्या पाच कर्मचाऱ्यांना एका सेवाभावी संस्थेने काढून टाकले होते. त्यांना परत कामावर घेण्याचा आदेश मंडळाने दिला. त्याच वर्षी मंडळाच्या प्रभारी मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी अनेक कंपन्यांच्या धोरणांतील मोघम कलमांवर आक्षेप घेतले, मात्र वॉलमार्टचे सुधारित धोरण कायदेशीर ठरवले. कारण साधे होते. त्यात निर्बंधांशेजारी उदाहरणे दिलेली होती. ‘गोपनीय माहिती’ म्हणजे नेमकी कोणती, ‘अयोग्य पोस्ट’ म्हणजे कशी, हे वाचणाऱ्याला कळत होते. आपल्या नमुन्यात एवढी एकच अट आली, की उदाहरण नसलेल्या कलमाखाली शिक्षा करता येणार नाही, तरी निम्मे काम होईल.

मालकाची बाजू मला ठाऊक आहे, रोज मी त्याच बाजूच्या खुर्चीत बसते. वॉर्डमधल्या सेल्फीत मागे रुग्णाचा चेहरा दिसतो, बाजारात न आलेल्या मालाची छायाचित्रे बाहेर जातात, एखाद्या मुलीला रात्री-अपरात्री सहकाऱ्याचे मेसेज येतात. इथे नियम कडकच हवेत. आपल्याच कंपनीच्या मालाची स्तुती करताना आपण तिथले नोकर आहोत हे सांगितलेच पाहिजे, हेही त्यात हवे.

संस्थेच्या अधिकृत खात्याची बाब मात्र वेगळी. तिथे बहुतेक वेळा शिस्तीपेक्षा व्यवस्थेची कमतरता असते. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एचएमव्ही या संगीतविक्री कंपनीत कर्मचारीकपात सुरू असताना नोकरी जाणाऱ्यांपैकी एकाने कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून ती क्षणाक्षणाला जगाला सांगितली. ट्विटर बंद कसे करायचे, असे विपणन संचालक विचारत असल्याचेही त्याच खात्यावरून बाहेर आले. खाते कोणाच्या हातात आहे आणि माणूस जाताना पासवर्ड कोण बदलतो, हे दोन ओळींत लिहून ठेवता येते. त्याआधी दोन वर्षे अमेरिकन रेड क्रॉसच्या खात्यावर एका कर्मचाऱ्याचे मद्यपानाबद्दलचे खासगी ट्विट चुकून पडले. संस्थेने ते काढले, हलक्याफुलक्या शब्दांत चूक कबूल केली आणि विषय संपवला. लोकांनी उलट देणग्या पाठवल्या. चूक आणि खोडी यांतला फरक ओळखणारे कलम मला आजवर एकाही नियमावलीत दिसलेले नाही.

आता सरकारी कर्मचाऱ्यांबद्दल, कारण आपले खाते स्वतःही मोठे मालक आहे. ऑस्ट्रेलियात नाव लपवून ९००० हून अधिक ट्विट करणाऱ्या एका सरकारी कर्मचाऱ्याला आपल्याच सरकारी विभागावर केलेल्या टीकेसाठी काढले गेले, आणि २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ते वैध ठरवले. दोन वर्षांनी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयासमोर तुर्कस्तानच्या शिक्षण मंत्रालयातील एका कंत्राटी सफाई कामगार महिलेचे प्रकरण आले. तिने फेसबुकवर काही पोस्ट फक्त ‘लाइक’ केल्या होत्या. तिला काढणे हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि तसे म्हणताना तिचे पद काय, तिच्या लाइकचा प्रभाव किती, हे तपासले. सचिवाला आणि सफाई कामगाराला एकच वाक्य लागू करणाऱ्या नियमावलीत हा विचारच शिरत नाही.

नोकराच्या खासगी खात्यात डोकावण्याचा प्रश्नही आहे. नोकरीसाठी फेसबुकचा पासवर्ड मागण्याला अमेरिकेच्या मेरिलँड राज्याने २०१२ मध्ये कायद्याने मनाई केली. आणि कामाच्या संगणकावरचे संदेश तपासायचे असतील तर काय आणि किती तपासणार हे आधी सांगा, असे युरोपच्या त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये रुमानियातील एका प्रकरणात बजावले.

ज्याबद्दल कुठलेच धोरण बोलत नाही ते मात्र मला जास्त सलते. संस्थेच्या पोस्ट स्वतःच्या खात्यावरून ‘शेअर’ करण्याची सक्ती. कोणी लाइक केले, कोणी नाही, याच्या याद्या ठेवल्या जातात. माझ्याकडूनही अशी यादी मागितली गेली होती. शिवाय स्वतःच्या फोनवर, न विचारता, चार-चार कार्यालयीन ग्रुपमध्ये ओढले जाणे. रात्री साडेअकराला आलेल्या मेसेजला सकाळी उत्तर दिले म्हणून बोलणी खाणे. कर्मचाऱ्याचे खाते त्याचे स्वतःचे आहे, हे दोन्ही बाजूंनी खरे असले पाहिजे. तिथल्या शब्दांची जबाबदारी त्याची असेल, तर ते खाते जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क संस्थेला नाही. नमुना नियमावलीची सुरुवात मालकाने काय करायचे नाही, याने व्हावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आयबीएमने २००५ मध्ये ब्लॉगलेखनाचे नियम कर्मचाऱ्यांकडूनच, एका सामायिक पानावर लिहून घेतले होते. आम्हीही आमच्या छोट्या कार्यालयात तसे करून पाहिले. लोकांनी प्रश्न आणले: लिंक्डइनवर नवी नोकरी शोधतो असे लिहिले तर? संपाला पाठिंबा दिला तर? ग्राहकाने मलाच शिव्या दिल्या तर उत्तर देऊ का? उत्तरे लिहिता लिहिता आधीच्या नियमावलीच्या चौदा पानांची दोन पाने झाली. आता शंका आली की लोक पोस्ट टाकण्याआधी येऊन विचारतात.

आपल्या मसुदा समितीत वकील असतील, मालकांचे प्रतिनिधी असतील. पाळीत काम करणारी एक व्यक्तीही तिथे बसू द्या. ज्या सहकारी महिलेला मी नोटीस दिली, ती आज दुसरीकडे तेच काम करते. मागच्या आठवड्यात मी तिला भेटून विचारले. बोलावणे आले तर यायची तिची तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक मनुष्यबळ अधिकारी