हजार उड्यांबद्दल

चिपळूण

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

नायगावला तुझं बस्तान बसलं, हे आत्याकडून कळलं. रोज पहाटे गॅलरीतल्या कोब्यावर दोरीच्या हजार उड्या मारतेस, हेही कळलं. खालच्या बिऱ्हाडाची झोप हा एक भाग झाला. पण नडगी ठणकते हे तू मला सांगायला हवं होतंस.

अगं, हजाराचा आकडा कशाला हवाय? दमसास तुझा ८०० मीटरच्या सरावानं वाढतोच आहे. दोरी हवी ती १०० मीटरसाठी. पोलीस भरतीत त्याचे १५ गुण आहेत आणि तिथंच तू मागे पडतेस, कारण तुझा पाय जमिनीवर रेंगाळतो.

चवड्यावर उतरलीस की पोटरी आणि टाचेमागची जाड शीर ताणली जाते. त्या ताणात जोर साठतो. लगेच उसळलीस तर तो परत मिळतो. थबकलीस तर उष्णता होऊन वाया जातो आणि पुढची उडी नुसत्या ताकदीवर ओढावी लागते. पाव सेकंदाच्या आत पाय सुटला पाहिजे. हे घड्याळावर कळत नाही, कानाला कळतं. टक्‌ टक्‌ असा कोरडा आवाज येतोय तोवर मारायच्या, धप्प आवाज आला की दोरी खाली. दमलेल्या पायांनी मारलेल्या उड्या पायाला रेंगाळायचीच सवय लावतात.

वेर्खोशान्स्की या रशियन प्रशिक्षकांनी १९६० च्या दशकात खेळाडूंना उंचावरून खाली उतरवून लगेच वर उसळायला लावलं. १९७५ मध्ये फ्रेड विल्ट या अमेरिकन माणसानं अशा व्यायामाला प्लायोमेट्रिक्स म्हटलं. बॉक्सर लोक दोरी त्याच्या कितीतरी आधीपासून मारतायत म्हणा! उंचावरून उतरण्याच्या फंदात तू इतक्यात पडू नकोस. शीर स्नायूपेक्षा सावकाश तयार होते, तोवर दोरीच बरी.

दुखणं पूर्ण थांबल्यावर वीस-वीस उड्यांचे चार-पाच सेट कर, मध्ये मिनिटभर चक्क उभी राहा. आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन दिवस सोडून. उडी दोरी जेमतेम खालून जाईल एवढीच. गुडघे पोटाशी घेऊ नकोस. दोरी मनगटानं फिरव, खांद्यानं नाही. दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभी राहिलीस की तिच्या मुठी काखेपर्यंत आल्या पाहिजेत. आत्याकडची दोरी तुझ्या उंचीला फार लांब असणार, गाठ मारून घे. जागा म्हणशील तर फाइव्ह गार्डनची माती. गादीवर मात्र मारू नकोस, ती सगळी उसळी खाऊन टाकते.

नडगी बोटानं दाबून बघ. हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर पळणंसुद्धा बंद आणि सरळ केईएमला हाडाच्या डॉक्टरांना दाखव. आत्याला सोबत ने. काय म्हणाले ते त्याच दिवशी फोन करून सांग, तिच्याकरवी नको.

तुझे,
बाबा