ताई, चार्लीचा नंबर तुम्ही सांगितला नाही, त्याबद्दल थँक्यू

ताई, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलोय.

युवक महोत्सवासाठी मी चार्ली चॅप्लिनवर एकपात्री बसवायलो होतो. टोपी, काठी, मिशी, पाय फाकवून चालणं सगळं जमलं होतं, पोरं पण हसायची, पण आत माणूसच नव्हता अन् ते मला लई खुपायचं. मग त्या दिवशी अंबाजोगाईला तुमच्या ओट्यावर तुम्ही एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागं गोल काढला, त्याच्यावर नऊ टिंबं, तीन-सहा-नऊचा त्रिकोण अन् उरलेल्या सहा टिंबांतून फिरणारी ती वाकडीतिकडी रेघ. म्हणलात हा एनिअग्राम. आकृती गुर्जिएफ नावाच्या अध्यात्मिक गुरूनं लोकांपुढं आणली, तिच्या नऊ टिंबांवर स्वभावाचे एक ते नऊ नंबरचे टाइप बसवले ऑस्कर इचाझो नावाच्या दुसऱ्या गुरूनं, अन् १९७० नंतर चिलीचे मानसोपचारतज्ज्ञ क्लॉडिओ नारांजो यांनी ते अमेरिकेत शिकवले.

मी लगेच म्हणलं, सोपंय, कॉमेडियन म्हणजे टाइप सात, मजा, उत्साह, एका जागी बूड टेकत नाही. तुम्ही विचारलं, "सात कशापासून पळतो?" म्हणलं दुःखापासून. "मग हा पळतो का?" इथं मी गप्प झालो.

कारण चार्ली पळतच नाही. सात वर्षांचा असताना आईबरोबर लंडनच्या लॅम्बेथच्या वर्कहाउसमधी, म्हणजे गरिबांच्या सरकारी आसऱ्याला गेलेलं लेकरू ते. त्यानं स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय की पाच वर्षांचा असताना स्टेजवर आईचा आवाज फाटला म्हणून तिच्या जागी त्याला उभं केलं, अन् गाता गाता त्यानं आईच्या फाटलेल्या आवाजाची पण नक्कल केली, लोक हसले. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बसलो होतो ताई. जिथं दुखतं तिथंच परत जाणारा माणूस, जे हरवलं त्याचीच ओढ, म्हणजे टाइप चार का? का टाळ्यांसाठी जगणारा तीन? तुम्ही म्हणलात वागण्यावरून नंबर देऊ नको, वागणं सारखं दिसतं, त्याच्यामागचं कारण वेगळं असतं. सिटी लाइट्समधी आंधळ्या फूलवालीचा सीन त्यानं ३४२ वेळा घेतला असं सांगतात, ते मी पुरावा म्हणून पुढं केलं, म्हणलं हा तर टाइप एक, परफेक्शनिस्ट. तर तुम्ही पत्रिकेवर बोट फिरवून दाखवलं की सातची पण एक रेघ एककडं जाते अन् चारची पण जाते, सात ताणात असला की तिकडं घसरतो अन् चारची वाढ व्हायला लागली की तो तिकडं जातो. एकच गोष्ट, दोन कारणं. मला तर तेव्हाच ह्या आकृतीचा खरा उपयोग कळला.

अन् हे पण तुम्हीच सांगितलं की हे काही सिद्ध झालेलं शास्त्र नाही, गेलेल्या माणसाचा टाइप कुणी छातीठोक सांगायला लागलं तर उठून यायचं. मी लई मागं लागलो तरी तुम्ही चार्लीचा नंबर सांगितला नाही. सांगितला असता तर मी तो नंबरच स्टेजवर केला असता.

बुटाचं पण सांगतोच. द गोल्ड रश, १९२५. भुकेनं बूट शिजवून खायचा तो सीन, त्यांचा बूट ज्येष्ठमधाचा होता, माझा आईनं कणकेत गूळ घालून भाजून दिलेला. मी तोंड वेडंवाकडं करत खायचो. तुम्ही म्हणलात, "भुकेला माणूस तोंड वाकडं करत नाही रे, जपून खातो." मग ७२ च्या दुष्काळाचं सांगितलं, खडी फोडायच्या कामावर आईसोबत जायचात, सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचं ते कोरडं खाणं, मिळायची, ती तळहातावर घेऊन आधी कडेकडेनं खायची अन् शेवटी ओल्या बोटानं एकेक कण टिपायचा. सांगता सांगता तुमचं बोट तळहातावर फिरायलं होतं. ते बोट मी तसंच उचललं.

महोत्सवात मी बूट शांतपणे खाल्ला, खिळा हाडूक चोखल्यासारखा चोखला, नाडी शेवईसारखी काट्याला गुंडाळली, हॉल हसत होता. मग मी ताटलीतले कण ओल्या बोटानं टिपले. हसू थांबलं नाही, पण बारीक झालं, अन् मला पहिल्यांदा वाटलं की आत कुणीतरी आहे. बक्षीस दुसऱ्या टीमला गेलं, ते जाऊ द्या.

लग्नपत्रिका माझ्याजवळच आहे ताई. चार अन् सातच्या मधी तुम्ही बोलता बोलता पेन टेकवून ठेवला होता, तिथं शाईचा ठिपका पसरलाय. दिवाळीत अंबाजोगाईला येतो, आईला सांगून ठेवलंय, तुमच्यासाठी पण एक बूट भाजून आणतो.